तांबड्याच्या कानानं

हेवी मेटल ऐकणारा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर केस वाढवलेला, काळा सदरा घातलेला, शहरातला कोणीतरी येतो. मी पडलो आदिलाबादजवळच्या जैनथकडच्या कास्तकाराचा पोरगा. केस गावच्या न्हाव्याने कापलेले, सदरा मामाच्या मापाचा. पुढे हैदराबादेत नोकरीला लागल्यावर कोणी विचारलं, ‘तुला हे असलं कसं काय आवडायला लागलं?’ की मी सरळ सांगायचो, ‘बैलामुळे.’ लोक खो खो हसायचे आणि माझं डोकं फिरायचं. राग आमच्या घराण्यातच आहे, बापाकडून आलेला. पण मी थट्टा करत नव्हतो. माझा कान घडवला तो आमच्या तांबड्या बैलाने, आणि तो घडत होता तेव्हा त्या बैलाचा जीव टांगणीला लागलेला होता. गाण्याची मजा वगैरे नंतरची गोष्ट.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे पोळ्याला वेशीजवळ दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. गावातले सगळे बैल धुऊन, रंगवून, झुली घालून तिथे ओळीने उभे करतात. डफडी वाजतात, भोंगा लावलेला असतो, फटाक्यांच्या लडी फुटतात. मध्येच एखादा गडी छाती फुगवून झडती म्हणतो, म्हणजे पोळ्याची ठेक्यातली आरोळी, आणि सगळं गाव ‘हर हर महादेव’ म्हणून गर्जतं. पाटलांच्या घरचा मानाचा बैल तोरणाखालून गेला की पोळा फुटला, मग बाकीचे बैल निघायचे. त्याआधी कोणाचा बैल हलता कामा नये.

त्या वर्षी आमचा तांबडा हलला. हलला कसला, उधळला. पहिली लड फुटली आणि त्याने अशी उसळी मारली की ओळीतल्या बायापोरांनी किंकाळ्या फोडल्या. कासरा बाबांच्या हाताला गुंडाळलेला. तांबड्याने बाबांना मारुतीच्या पारापर्यंत फरफटत नेलं. उजवा खांदा निखळला. आदिलाबादच्या दवाखान्यात तो बसवून आणला, पण त्यानंतर बाबांचा उजवा हात कधी कानाच्या वर गेला नाही. सदरा घालतानासुद्धा माय मदत करायची, आणि तेवढ्या वेळात बाबा कोणाशी बोलायचे नाहीत.

तेवढ्यावर संपलं असतं तर बाबांनी गिळलंही असतं. पण हिवाळ्यात कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन आदिलाबादच्या जिनिंगकडे निघालो, आणि सडकेवर मागून ट्रकने भोंगा वाजवताच तांबड्याने बंडी नालीत घातली. कापूस भिजला, पांढऱ्याचा, म्हणजे जोडीतल्या दुसऱ्या बैलाचा, पाय सोलवटला. घरी येऊन बाबांनी फैसला सुनावला.

‘येत्या पोळ्यात उभा राह्यला त सडकेवरही उभा राहीन. मंग ठेवतो. नाई राह्यला त दुसऱ्या दिवशी व्यापारी बोलावतो. आता याच्यावर कोनी मले बोलाचं नाई.’

व्यापारी बोलावतो याचा अर्थ गोठ्यातल्या वासरालाही कळावा इतका उघड होता. बुजरा बैल कोणी कास्तकार घेत नाही. तो ट्रकमध्ये चढतो आणि एकाच ठिकाणी उतरतो.

तांबडा आमच्याच गोठ्यातला. त्याची माय त्याला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी गेली होती. मी तेव्हा शाळेत होतो. दुधात बोट बुडवून ते त्याला चोखवत मी त्याला वाढवला. त्याची खरखरीत जीभ अजून माझ्या बोटांना आठवते. तो मला घाबरट वाटला नाही कधी. त्याला फक्त आवाज सोसत नव्हता, आणि मला तर आवाजाचंच वेड. काय जोडी जमली होती बघा.

लहानपणी पोळ्याला मी डफडीवाल्यांच्या इतका जवळ उभा राहायचो की पोटातून थरथर निघायची. माय मागे ओढायची, मी पुन्हा पुढे. रेडिओवरच्या गाण्यांचं मला काही सोयरसुतक नव्हतं. गाणारे लोक केव्हा गप्प होतात आणि मधली वाजवावाजवी केव्हा सुरू होते याची वाट बघायचो. दहावी झाल्यावर मामाने स्वतःचा जुना टेप मला दिला. एकच स्पीकर, झाकण तुटलेलं, पण आवाज दमदार. करंट असेल तर करंटवर, नसेल तर मोठ्या सेलांवर चालायचा. सेल मंदावले की मी ते पत्र्यावर उन्हात ठेवायचो, मग दोनचार गाणी अजून निघायची.

आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात माझ्या बाकावर सिमेंट कारखान्याच्या कॉलनीतला एक तेलुगू मुलगा बसायचा. आम्ही आपसात हिंदी बोलायचो. त्याचा मोठा भाऊ नागपूरला इंजिनियरिंग शिकत होता आणि तिथून कॅसेटी भरून आणायचा. एक दिवस त्याने मला त्यातली एक दिली. घरी आणून लावली, तर त्यातून करवत लाकडात अडकल्यासारखा आवाज. मला वाटलं, टेपचं हेड घाण झालंय. कापूस घेतला, आमच्या घरात कापसाला काय तोटा, स्पिरिटमध्ये बुडवला आणि हेड घासून लखलखीत केलं. पुन्हा तोच आवाज. मग स्पीकर उघडला, आत एक मेलेलं झुरळ होतं ते काढलं. तरी तेच. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत नेली आणि म्हटलं, ‘खराब है ये.’

तो बाकावर आडवा पडून हसला. ‘अबे, ये ऐसाइच है! वो गिटार है!’

मला इतकी लाज वाटली की मी ती कॅसेट पुन्हा घरी नेली, निव्वळ खुन्नस म्हणून. म्हटलं, एवढं काय आहे यात ते बघतोच. दोनदा ऐकली, काही कळेना. तिसऱ्यांदा ऐकताना पोटात ती जुनी थरथर सुरू झाली, डफडीची. गाणारा काय ओरडतोय त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण आमच्या झडतीवाल्याच्या गळ्याच्या शिरा फुगतात तशाच त्याच्याही फुगत असणार, एवढं मला पक्कं कळलं. बस, तिथून मी कामातून गेलो.

त्या वर्षात माझा एकच हिशेब होता. जितकं फास्ट तितकं भारी. ढोलवाला दोन्ही पायांनी मशीन चालवल्यासारखं वाजवतोय आणि गिटार मागून शिकारी कुत्र्यासारखी धावतेय, असं काही असलं की मी खूश. त्यात एक कॅसेट मात्र वेगळीच निघाली. ती देताना तो कॉलनीवाला म्हणाला, ‘ले, मेरे भाई को भी नहीं जमी.’ लावली, तर सगळं संथ. एक ठोका पडायचा, आणि पुढचा पडेपर्यंत माणूस चहा पिऊन येईल. मी म्हटलं, हे तेरवीच्या जेवणाला वाजवायचं. यावर दुसरं काहीतरी भरून घेऊ म्हणून फडताळात टाकून दिली.

आषाढात एका दुपारी मी अंगणात टेप लावला होता आणि गोठ्यातून दाव्याची ओढाताण ऐकू आली. तांबडा बिचकला होता. आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला. याला आवाज सोसत नाही ना? मग त्याला आवाजातच घालायचा. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधून विहिरीत ढकलतात, तसं.

मी माझी सगळ्यात फास्ट कॅसेट घेतली, टेप गव्हाणीवर ठेवला आणि आवाज पूर्ण फिरवला.

पुढे काय झालं ते सांगायलाही नको वाटतं. तांबड्याने दावं तोडलं, पाण्याची बादली लाथेने भिंतीवर आपटली, पांढराही उसळला, शेळ्या ओरडायला लागल्या. मी कोपऱ्यात चिकटून उभा. बाबा डाव्या हातात काठी घेऊन धावत आले. आधी बैलाला आवरलं, मग टेप बंद केला, मग माझ्याकडे वळले.

‘बह्याड झाला काय बे? आधीच बुजरा जनावर, त्याले अजून येडं करून राह्यला?’

‘सवय लावून राह्यलो होतो.’

‘सवय! हा कचरा आयकून मानूस येडा होते, हे त मुकं जनावर हाय. उद्यापासून हे डबडं गोठ्यात दिसलं त इहिरीत फेकीन. सांगून ठेवतो.’

मी मागच्या दारी जाऊन रडलो. बाबांचं बोलणं लागलं म्हणून नव्हे, तर पोळा जवळ येत चालला होता आणि माझी एकमेव युक्ती पहिल्याच झटक्यात बुडाली होती म्हणून.

चारदोन दिवस गेले. राग शमला, हट्ट शिल्लक राहिला. बाबांनी गोठ्यात बंदी घातली होती, नाल्यावर नाही. कॉलेजला सुट्टी असली की बैल चारायला मीच न्यायचो. पिशवीत टेप घातला, आणि कॅसेट कोणती घ्यावी याचा विचार करत फडताळ उघडलं तर ती तेरवीवाली हाती लागली. म्हटलं, घाबरला तर घाबरेल, पण निदान याच्यात धावपळ तरी नाही.

टेप बाभळीच्या फांदीला टांगला, तांबड्यापासून बराच लांब, आवाज अगदी बारीक. पहिला ठोका पडला तसे त्याचे कान उभे. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, एक पाय उचललेला. दुसरा ठोका. तो पळाला नाही. तिसरा. पाय खाली आला. ते गाणं असं चालायचं की पुढचा ठोका केव्हा पडणार ते जनावरालाही कळावं. त्याच्यात दगा नव्हता. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि तांबड्याचे कान हळूहळू बाजूला पडले. मग तो बसला आणि रवंथ करायला लागला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी बाभळीखाली बसून वेड्यासारखा हसतही होतो आणि रडतही होतो.

त्यानंतर दर वेळी टेप थोडा जवळ आणि आवाज थोडा मोठा. श्रावणात बाबा निंदणीच्या बायांबरोबर दिवसभर शेतात असायचे, तेव्हा मी धीर करून टेप गोठ्यात आणायला लागलो. एक कान कॅसेटकडे, एक कान फाटकाकडे. बाबांच्या चपलेचा आवाज आला की टेप पेंडीच्या पोत्यामागे. सापडलो असतो तर टेप विहिरीत आणि बैल ट्रकमध्ये, दोन्ही गेलं असतं.

आणि ऐकता ऐकता माझ्याच कानाला काहीतरी व्हायला लागलं. बैलासाठी म्हणून लावलेली ती कॅसेट मला आवडायला लागली. आधी मला फक्त ठोके ऐकू यायचे, आता दोन ठोक्यांमधलं ऐकू यायला लागलं. गिटारचा सूर मागे रेंगाळायचा, जाड, भरलेल्या बंडीच्या चाकासारखा, आणि तो विरतोय न विरतोय तोच पुढचा यायचा. तांबडा कुठे कान पाडतो ते मी बघायचो आणि तिथे काय वाजतंय ते नीट ऐकायचो. माझ्या फास्ट कॅसेटी मला एकाएकी पोरकट वाटायला लागल्या. कॉलनीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बैल से पूछ के गाना सुनता है? पागल!’ मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

एक गोष्ट तेव्हाच दिसली होती. कॅसेटची बाजू संपून टेप खट्ट करून थांबला की तांबडा ताडकन उठायचा. कान टवकारायचा, दावं ताणायचा. मला वाटायचं, अजून मागतोय लेकाचा. मला त्याचा अभिमानच वाटायचा. मी कॅसेट उलटी करून लावायचो की तो पुन्हा शांत.

मग काहीतरी विचित्र व्हायला लागलं. माझे सेल लवकर उतरायला लागले. नवे घातलेले सेल आठवडाभरात मेले. आणि मी नेहमी कॅसेट मागे फिरवून पहिल्यापासून लावून ठेवायचो, ती मला मधूनच सुरू होताना दिसायला लागली. कोणीतरी माझ्या टेपला हात लावत होतं. मायला विचारलं.

‘माय, माहा टेप कोनी घेतला होता काय?’

‘मले काय इचारतं? मले त्याचं बटनही कळत नाई.’ असं म्हणून ती भाकरी थापायला लागली. माझ्याकडे न बघता. मला वाटलं, बाबांना कळलंय. आता टेप विहिरीत जायला फक्त त्यांचा मूड बिघडायचा अवकाश आहे. मी रोज कॉलेजातून येताना पहिल्यांदा विहिरीत डोकावून बघायचो.

विहिरीत टेप नव्हता. पण पोळा अगदी दोनतीन दिवसांवर आला आणि ती कॅसेटच गायब झाली. टेप पोत्यामागे जागच्या जागी, आत काही नाही. फडताळ पालथं घातलं, पेंडीची पोती हलवली, गव्हाणीतला कडबा उपसला. नाही म्हणजे नाही. मी सरळ बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. ते नवी वेसण पिळत बसले होते.

‘माही कॅसेट कोठं हाय?’

‘मले काय मालूम?’ मान वर न करता.

‘बाबा, तांबड्याले तिची सवय झाली हाय. तिच्याशिवाय—’

‘आपलं काम पाह्य.’

त्या दिवशी मला माझ्या बापाचा तिटकारा आला. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, याला बैल विकायचाच आहे. याला आपला खांदा आठवतो आणि त्या जनावराचा सूड घ्यायचाय. मी संध्याकाळी जेवलो नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाला आवतन द्यायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ बाबा तांबड्याचा खांदा डाव्या हाताने चोळत होते, तेव्हाच व्यापारी येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, तोंडात पान. त्याने तांबड्याचे दात बघितले, पुठ्ठ्यावर थाप मारली. तांबड्याचं अंग शहारलं.

‘माल चांगला हाय. उद्याचं पाहून परवा येतो मंग.’

‘ये,’ बाबा म्हणाले. आणि पुन्हा तूप चोळायला लागले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी तांबड्याला नाल्यावर धुतला. शिंगांना रंग लावला, गळ्यात घुंगरमाळ घातली. माझे हात काम करत होते, डोकं नाही. दुपार कलली तशी भोंग्यावर सिनेमाची गाणी सुरू झाली. तोरणाकडे निघताना मी म्हटलं, ‘कासरा मी धरतो. तुमचा खांदा—’

‘तू पांढऱ्याले धर.’

‘आन उधळला तर?’

‘त मले ओढीन. तुले नाई.’ आणि त्यांनी कासरा डाव्या हाताला गुंडाळला. अगदी गेल्या वर्षी उजव्याला गुंडाळला होता तसाच. मला म्हणावंसं वाटलं, गुंडाळू नका, नुसता धरा. पण मी पांढऱ्याचा कासरा हातात घेतला.

आम्ही तोरणासमोर ओळीत उभे राहिलो. आमच्या शेजारच्या बैलवाल्यांनी हळूच आपले बैल दोन हात पलीकडे सरकवले. बायांनी पोरं मागे घेतली. समोर पिंपळाच्या पारावर व्यापारी बसला होता, सावलीत, आरामात.

डफडी सुरू झाली. तांबड्याचे कान ताठ झाले, मग बाजूला पडले. लड फुटली. त्याच्या कातडीवरून एक थरकाप गेला, पण पाय जागचे हलले नाहीत. झडत्या सुरू झाल्या, गाव गर्जलं, भोंगा किंचाळत होता, माझ्या स्वतःच्या कानात दडे बसले, आणि तांबडा उभा. नुसता उभा! मला ओरडावंसं वाटत होतं. मी पारावर बघितलं तर व्यापाऱ्याने पान थुंकून दुसरीकडे तोंड केलं होतं.

आणि तेवढ्यात करंट गेला.

भोंगा मध्येच कापल्यासारखा गप्प झाला. त्याच वेळी पाटलांच्या बैलाची पूजा सुरू झाली म्हणून डफडीवाल्यांनीही हात थांबवले. एकदम असं चिडीचूप झालं की घुंगरमाळेतला एकएक दाणा ऐकू यावा. आणि त्या क्षणी मला कळलं की टेप थांबल्यावर तांबडा का उठायचा. तो मागत नव्हता. आवाज थांबला की त्याला भीती वाटायची. मी त्याला आवाजाची सवय लावली होती, शांततेची कोणी लावली नव्हती.

तांबड्याची मान वर गेली. डोळे पांढरे झाले. मागचा पाय उकरायला लागला. कासरा ताणला, बाबांच्या मनगटात रुतला. मी पांढऱ्याला सोडून धावणार, तर बाबा त्याच्या अंगाला भिडले. त्यांनी उजवा हात, तो वर न जाणारा हात, जितका जाईल तितका वर नेऊन तांबड्याच्या मानेवर टाकला, तोंड त्याच्या कानाला लावलं, आणि—

‘ढ्यांव.’

मला कळेना मी काय ऐकतोय.

‘ढ्यांव... ढ्यांव... ढ्या-ढ्यांव.’

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं! माझा बाप, ज्याला आयुष्यात आरतीचा सूर धड सापडला नाही तो माणूस, माझ्या तेरवीवाल्या कॅसेटचं गाणं तोंडाने वाजवत होता. सूर साफ चुकलेला. पण दोन ठोक्यांमधली जागा अगदी बरोबर. ती नुसतं एकदा ऐकून येत नाही. ती रोज ऐकावी लागते.

शेजारचा एक जण खिदळला. ‘काऊन, बैलाले मंत्र देऊन राह्यला काय?’ बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मानेच्या शिरा फुगलेल्या, कपाळावरून घाम गळतोय. ‘ढ्यांव... ढ्यांव...’ उकरणारा पाय थांबला. मी पांढऱ्याला घेऊनच तांबड्याच्या दुसऱ्या कानाशी गेलो आणि बाबांच्या मागून सुरू झालो, आधी हळू, मग मोठ्याने. लोक बघत होते, बघू दे. बाप आणि पोरगा बैलाच्या दोन्ही कानांशी लागून गुरगुरताहेत. तांबड्याचा एक कान पडला. मग दुसरा पडला.

पाटलांचा बैल तोरणाखालून गेला. पोळा फुटला, डफडी पुन्हा कडाडली, सगळे बैल सुटले, धूळ उडाली. तांबडा बाबांच्या पावलाने चालत तोरणाखालून गेला आणि घरी येऊन त्याने पुरणपोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. बाबा ओट्यावर दातण करत होते. ‘बैल इकाचा नाई,’ ते म्हणाले. व्यापाऱ्याने काहीतरी समजावायला सुरुवात केली, तर बाबा उठून आत गेले. बोलणं संपलं.

थोड्या वेळाने मी गोठ्यात शेण काढत होतो. बाबा आले, इकडेतिकडे बघितलं, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कॅसेट माझ्या हातावर ठेवली.

‘तुह्या टेपात फीत गुतली. ओढली त तुटली.’

मी कॅसेट उजेडात धरली. तुटलेल्या फितीची दोन टोकं त्यांनी जोडली होती. चिकटपट्टीने वगैरे नाही. गाठ मारून. दावं तुटल्यावर आपण मारतो तीच, पक्की, ओढून बघितलेली गाठ. एवढ्या बारक्या फितीला, त्या जाड बोटांनी, एक हात धड चालत नसताना. किती वेळ लागला असेल कोण जाणे.

‘मी बांधली,’ ते म्हणाले, ‘पन चालून नाई राह्यली.’

मी म्हटलं, ‘चालीन.’

‘तसा कचराच हाय तो,’ असं म्हणून ते शेताकडे निघून गेले.

नव्वदच्या पुढे मी हैदराबादला गेलो. तिथे माझ्यासारखी वेडी पोरं भेटली. त्यांचा कान दरवर्षी अजून फास्ट, अजून कर्कश गोष्टींकडे जात होता, आणि ते मला म्हणायचे, तू म्हातारा झालास. मी प्रत्येक नवी कॅसेट एकाच मापाने मोजायचो, याला तांबडा कान पाडेल का? पाडणार नसेल तर ती मी परत करायचो. सुट्टीत गावी आलो की नवं काही असेल ते गोठ्यात लावायचो. बाबा दारात उभे राहून ऐकायचे आणि ‘कचरा’ म्हणायचे, पण काही कॅसेटींना ते म्हणायला उशीर करायचे. तांबडा सडकेवर कधी बुजला नाही. म्हातारा होऊन, जू उतरल्यावर बरीच वर्षं नुसता बसून खाऊन, तो आमच्याच बांधावर गेला. त्या संध्याकाळी मी टेप काढला नाही आणि बाबांनीही विचारलं नाही.

पुढे तीच कॅसेट हैदराबादेत उघड दुकानात मिळायला लागली. घेतली एकदा. सगळी गाणी सरळ शेवटपर्यंत जात होती, आणि मला त्यात काही राम वाटेना. जुनी मी जपून ठेवली आहे. ती गाठ सोडून फीत नीट जोडून घे, असं कितीजणांनी सांगितलं. मी सोडली नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मधोमध येतं, गाठ येऊन अडकते आणि टेप खट्ट करून थांबतो. मग उरलेलं गाणं मी तोंडाने म्हणतो, बाबांच्या सुरात.